टिकली लावलेली फ्लॉपी

आमच्या घरातल्या पहिल्या कॉम्प्युटरचा प्राण मी एका मंगळवारी सकाळी घेतला, आणि तोही ओल्या हातानं. काम तसं साधं होतं. त्या मशीनला स्वतःचं असं काही आठवत नसे. बटण दाबलं की आपण चालू कसं व्हायचं, इथपासून त्याला सांगावं लागे. आणि ते सांगणारी एक काळी, चौकोनी, पापडासारखी लवलवती फ्लॉपी त्याच्या तोंडात सरकवावी लागे. तिला बूट फ्लॉपी म्हणत. ती नसेल तर मशीन म्हणजे नुसती पत्र्याची पेटी. अशी फ्लॉपी आमच्याकडं एकच होती. तेव्हा तिच्या एकदोन प्रती करून ठेवाव्यात, असं शहाणपण मला त्या सकाळी सुचलं. प्रत करायची तर आधी कोरी फ्लॉपी आखून घ्यायची, शेतात पेरणीआधी वाफे पाडतात तशी, आणि मग मूळ फ्लॉपीवरचं तिच्यावर उतरवायचं. फ्लॉपी सरकवायच्या फटी मशीनला दोन होत्या, पण उजवी मुकी होती, त्यामुळं सगळी घालकाढ डावीतूनच. मी मूळ फ्लॉपी घालून मशीन चालू केलं, हुकूम टाइप केला, पडद्यावर हिरवी ओळ आली: नवी फ्लॉपी घाला आणि एंटर दाबा. आणि नेमकी त्याच क्षणी गल्लीतून आरोळी आली, "पाणी आलं होऽ."

ज्यांनी ती वर्षं पाहिली नाहीत त्यांना या आरोळीचं वजन कळायचं नाही. नळाला पाणी कधी चौथ्या दिवशी येई, कधी सहाव्या, आणि आलं तरी किती वेळ थांबेल याचा भरवसा नसे. आरोळी आली की माणूस हातातलं टाकून पळे. आमच्या शेजारचे एक गृहस्थ अर्धी दाढी केलेल्या तोंडानं रांगेत उभे राहत आणि त्यांना कुणी हसत नसे. मीही पळालो. चार हंडे, दोन बादल्या, एक पिंप. अर्ध्या तासानं सदरा भिजवून परत आलो, तर ती हिरवी ओळ माझी वाट पाहत तशीच थांबलेली. नवी फ्लॉपी घाला आणि एंटर दाबा. घातलीच आहे की, असं मनाशी म्हणून मी एंटर दाबलं. मशीन घरघरलं, खरखरलं, आणि काम झाल्याचं पडद्यावर आलं. मग मी हात पुसायला टॉवेल ओढला. टॉवेलखाली कोरी फ्लॉपी तिच्या पांढऱ्या पाकिटात, मी ठेवली होती तशीच पडलेली होती. आत होती ती मूळ.

मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर मशीन बंद करून परत चालू केलं. जणू दार लावून पुन्हा उघडलं की आतला माणूस उठून बसणार होता. पडद्यावर एक ओळ आली आणि थांबली. तिचा मराठीत अर्थ एवढाच होता, की या फ्लॉपीवर काही नाही. खरं तर असं होऊ नये म्हणून सोय असते. फ्लॉपीच्या कडेला एक बारीक खाच असते. तिच्यावर चिकटपट्टी लावली की मशीनला त्या फ्लॉपीवर लिहिताही येत नाही आणि तिच्यावरचं पुसताही येत नाही. मूळ फ्लॉपीला अशी चंदेरी पट्टी होती. उन्हानं तिचा डिंक सुटला होता, ती लोंबत होती, म्हणून आदल्याच रविवारी मी ती ओढून काढली होती. टापटिपीसाठी. आयुष्यात मी टापटीप अशी फार वेळा केलेली नाही. जेव्हा केली तेव्हा ही अशी.

त्या मशीनला पोर्टेबल म्हणत, कारण त्याला मूठ होती. आकार शिवणयंत्राच्या पेटीएवढा आणि वजनही तेवढंच. रिक्षातून उतरवायला मी आणि माझे वडील, अण्णा, दोघं लागलो, आणि नंतर आठवडाभर अण्णा कंबरेला गरम विटेचा शेक घेत होते. झाकण काढून आडवं ठेवलं की तोच कीबोर्ड व्हायचा, आणि आत पोस्टकार्डाहून जरा मोठा हिरवा पडदा. अण्णा सरकारी कचेरीत टायपिंगचे कारकून होते. त्यांच्या साहेबांनी हे मशीन परदेशातून येताना आणलं होतं. बदलीच्या गावी सोबत न्यायला नको म्हणून, "तुमच्या मुलाला शिकू द्या," असं सांगून त्यांनी ते फ्लॉप्यांच्या पिशवीसह देऊन टाकलं. तेव्हाच ते जुनं झालेलं होतं. पण मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत दुसरं कॉम्प्युटर नव्हतं, त्यामुळं जुन्या-नव्याचा प्रश्न आला नाही.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. मागं रेल्वेचे रूळ. पॅसेंजर गेली की मांडणीवरचे डबे एकमेकांशी बोलायचे. त्या वर्षांत शहर आमच्या दिशेनं चालत येत होतं. रुळांपलीकडं ज्वारीचं रान होतं, तिथं एका उन्हाळ्यात चुन्याच्या रेघा पडल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात घरं उभी राहिली. वाळूजकडं कारखाने निघत होते, तिकडं जाणाऱ्या बसच्या टपावरही माणसं दिसायची. आणि गंमत अशी, की माणसं वाढत होती आणि पाणी घटत होतं. ज्या दिवशी नळ यायचा नाही त्या दिवशी आई पत्रावळीवर वाढायची, म्हणजे ताटं घासायला नकोत. पाहुण्यांना वाटे घरात काही कार्य आहे. पत्रावळीवर हुलग्याचे शेंगोळे, बाजूला लसणाची चटणी आणि भाकरी. शेंगोळ्यांचा रस पत्रावळीतून गळायचा आणि आई म्हणायची, "लवकर जेवा, फरशी पुसायला पाणी नाही." अजूनही पत्रावळ दिसली की मी भराभर जेवायला लागतो. लग्नाच्या पंगतीत त्यामुळं माझ्याबद्दल लोकांचे गैरसमज झालेले आहेत.

आई बिडकीनची, भिक्षुकाच्या घरातली. आता तिथं कारखान्यांसाठी इतके रुंद रस्ते झालेत की रस्ता ओलांडताना मध्येच विसावा घ्यावासा वाटतो. तेव्हा तिच्या माहेरी पोथ्या लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवलेल्या असत. घरात नवी वस्तू आली की तिला हळद-कुंकू लागायचंच. प्रेशर कुकरला लागलं होतं, मशीनलाही लागलं. मग तिनं पिशवीतल्या फ्लॉप्यांकडं बघून विचारलं, "विन्या, यातली मुख्य कोणती? जिच्यावर सगळं चालतं ती?"

"कशाला पाहिजे?"

"देवापाशी ठेवते."

मी तेव्हा एका पुस्तकाच्या जोरावर तीन महिन्यांचा तज्ज्ञ झालेलो होतो. मला हसू आलं. लेबलावरची शाई पार उडालेली एक फ्लॉपी मी रद्दीत काढली होती, ती तिच्या हातावर ठेवली. म्हटलं, "ही घे. हीच मुख्य." तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, लाल फडक्यात गुंडाळली आणि पंचांगाशेजारी ठेवली. रोजच्या पूजेत त्या फडक्यालाही चिमूटभर कुंकू वाहिलं जाऊ लागलं. मी ती गोष्ट मित्रांना सांगून दोनतीनदा हशा मिळवला आणि विसरून गेलो.

आता सुलभाबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी एक फ्लॉपी पुसली यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. सुलभा लासूर स्टेशनची. तिचे वडील तिथल्या बाजारात मापाडी होते. पण दुष्काळात माल येईना, तर मापायचं काय. म्हणून बारावी झाल्यावर ती मामाकडं मुकुंदवाडीत आली आणि संध्याकाळी अण्णांकडं टायपिंग शिकू लागली. पडवीत अण्णांचं जुनं टाइपरायटर होतं. त्याच्यावर तिची बोटं चालू लागली की रस्त्यानं जाणारा माणूस थबकून ऐके. मामीच्या घरी मात्र पाण्याचा हिशेब चाले. एक माणूस वाढलं म्हणजे रोजच्या तीन घागरी वाढल्या, आणि त्या घागरी मामी रोज बोलून दाखवी. शेवटी असं ठरलं होतं, की एका कारखान्यात कॉम्प्युटरवर नोंदी करण्याची जागा निघाली आहे, तिची परीक्षा शुक्रवारी आहे. लागली नोकरी तर सुलभानं राहावं, नाही लागली तर शनिवारच्या पॅसेंजरनं लासूरला परत जावं. तिकडं तिच्यासाठी एक स्थळ बघून ठेवलेलं होतं. तिला ते नको होतं. तिनं ते कधी मोठ्यानं सांगितलं नाही, पण स्थळाचा विषय निघाला की टाइपरायटरचा वेग वाढे.

परीक्षेत काय येणार, हे तिनं चौकशी करून आणलं होतं. टायपिंग तर होतंच. शिवाय मशीन स्वतः चालू करायचं, आणि एक कोरी फ्लॉपी देतील, तिची बूट फ्लॉपी करून दाखवायची. सुलभानं तोवर कॉम्प्युटरला हातही लावलेला नव्हता. "सर, तीन संध्याकाळी मिळतील ना मला तुमच्या मशीनवर?" असं तिनं अण्णांना विचारलं, आणि अण्णा म्हणाले होते, "तीन काय, तेरा घे. आमचा विनायक आहे शिकवायला." मंगळवारी सकाळी मी प्रती करायला बसलो, तो संध्याकाळी तिच्यासमोर जरा तयारीचा दिसावं म्हणून. हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही.

संध्याकाळी ती आली. नवी वही, टोक केलेली पेन्सिल. अण्णांनी तिला खुर्चीवर बसवलं, बटण दाबलं. पडद्यावर तीच ओळ आली, काही नाही म्हणणारी.

"काल तर चालू होतं ना रे?" अण्णा म्हणाले.

"काल होतं," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. "सकाळी मी पुसलं होतं ते," ती म्हणाली. "लई धूळ बसली होती. फडकं जरासं ओलं होतं. तेवढ्यानं होतंय का?"

अण्णा सहसा आवाज चढवत नसत. पण त्या दिवशी परक्या मुलीसमोर दिलेला शब्द खाली पडला होता. "तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" ते म्हणाले. "ते काय पाटा-वरवंटा आहे ओल्या फडक्यानं पुसायला?"

आई काही बोलली नाही. मीही बोललो नाही. दोन्ही गप्प बसण्यांत किती फरक असतो, ते मला त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं. तरीही मी गप्पच राहिलो. आता विचार करतो तर वाटतं, सांगायला एक वाक्य लागलं असतं. ते माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण समोर सुलभा बसली होती, आणि "आमचा विनायक" हे शब्द अजून हवेत होते.

बुधवारी मी माझ्या एका मित्राच्या ओळखीनं त्याच्या कारखान्यातून बूट फ्लॉपी मागून आणली. दिसायला अगदी तशीच. पण ती नव्या पद्धतीची, जास्त माल भरणारी निघाली. आमच्या मशीननं ती तोंडात घेतली, चार वेळा कण्हलं आणि नाकारली. तोवर अण्णांनी एक वेगळाच उद्योग केला होता. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी त्याच्यावर शाईनं सगळा कीबोर्ड काढला, साहेबांच्या मशीनवर होता तसाच, आणि पुठ्ठ्याचेच दोन चौकोन कापून फ्लॉप्या केल्या. एकीवर लिहिलं 'मूळ', दुसरीवर 'कोरी'. मशीनची फट म्हणून पंचांगाची पानं. सुलभा पडवीत मांडी घालून बसली आणि त्या पुठ्ठ्यावर शिकू लागली. माझ्या पुस्तकातून मी एकेक पायरी वाचून दाखवायची, आणि तिनं ती मोठ्यानं म्हणत करायची.

"मूळ आत. हुकूम टाइप. ओळ आली. थांब. मूळ बाहेर. कोरी आत. बघ, कोरीच आहे ना. एंटर."

हे 'बघ, कोरीच आहे ना' पुस्तकात नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं. पहिल्या दोनचार वेळा मी खाली मान घालून ऐकलं. मग पाणी प्यायला उठलो. मग उगाच अंगणात गेलो. अंगणातही ऐकू येतच होतं. मूळ बाहेर. कोरी आत. बघ, कोरीच आहे ना. जे मी एका सकाळी केलं नव्हतं ते ती पोरगी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर पन्नास वेळा करत होती, आणि आत आई मशीनच्या खोलीतून जाताना भिंतीला चिकटून, पदर आवरून जात होती. चुकूनही पदर लागू नये म्हणून. पोळपाट घ्यायचा तरी ती मशीन ठेवलेलं टेबल टाळून मागच्या दारानं फिरून येई.

गुरुवारी अण्णांना कसलीशी सुट्टी होती. सुलभा सकाळीच आली होती. साडेअकराच्या सुमारास, अण्णा पडवीत पुठ्ठ्यावर तिची तपासणी घेत असताना, आई बाहेर आली. तिच्या हातात लाल फडक्याचं पुडकं होतं. ती ते अण्णांना नाही, मला द्यायला आली.

"माझ्या हातानं बिघडलं ना ते," ती म्हणाली. "मग माझ्यापाशी आहे ती घे. तूच म्हणाला होतास, ही मुख्य आहे म्हणून. हिच्यानं होतंय का बघ."

मी फडकं उघडलं. आत ती रद्दी फ्लॉपी, जिच्या बळावर मी मित्रांत हशा पिकवला होता. वर कुंकवाचा थर. आणि मग मला मंगळवारी जे जमलं नव्हतं ते जमलं. शूरपणानं नाही, आणखी एक मिनिट तिच्या तोंडाकडं बघवेना म्हणून.

"आई, तुझ्या हातानं नाही बिघडलं," मी म्हणालो. "मी पुसली ती फ्लॉपी. पाणी आलं म्हणून पळालो, आणि परत येऊन न बघता एंटर दाबलं. मूळच आत होती."

सुलभाच्या हातात पुठ्ठ्याचा 'कोरी' होता, तो तिनं हळूच खाली ठेवला. अण्णांनी चष्मा काढला. रुळांवरून मालगाडी जात होती. तिला किती डबे होते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. आई म्हणाली, "दोन दिवस मी त्या खोलीतून नीट चालले नाही रे." एवढंच. मग पदरानं हात पुसत आत गेली आणि आतून आवाज आला, "ज्वारी निवडायची राहिली आहे. कुणी रिकामं असेल तर या." मी गेलो. तासभर ज्वारीतले खडे निवडले. माझ्या वाट्याला आलेली उघड शिक्षा तेवढीच होती.

अण्णा तोवर त्या फ्लॉपीकडं निरखून बघत होते. लेबल उजेडात तिरकं धरलं तर साहेबांच्या हस्ताक्षराचे ओरखडे दिसत होते. टायपिस्ट माणूस, अक्षराच्या खुणा ओळखणारा. "शाई गेलीय, पण निबाचा दाब राहिलाय," ते म्हणाले. "ही बूट फ्लॉपीचीच दुसरी प्रत आहे. साहेबांनी करून ठेवली होती." म्हणजे मी आईला थट्टेत जे सांगितलं होतं ते खरं निघालं होतं. अडचण एवढीच होती, की फ्लॉपीच्या मधल्या उघड्या खिडकीतून कुंकू आत गेलं होतं. ती तशीच मशीनमध्ये घातली असती तर तीही गेली असती आणि मशीनही.

आम्ही शहागंजला रशीदभाईंकडं गेलो. आम्ही म्हणजे मी आणि अण्णा, कारण मला एकट्याच्या हाती फ्लॉपी द्यायची आता कुणाची तयारी नव्हती. रशीदभाई रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करत. त्यांनी फ्लॉपी डोळ्यासमोर धरली, बोटाला लागलेला लाल रंग पाहिला आणि मला विचारलं, "क्या मियाँ, फ्लॉपी को हल्दी-कुंकू? शादी ठहरी क्या इसकी?"

"धुता येईल का?" अण्णांनी विचारलं.

"कायकू नई? टेप की रीलच तो है, गोल काटी हुई. धो देते. मगर नल का पानी नक्को, उसमें खार रहता. बैटरी का पानी लाव."

समोरच्या दुकानातून मी बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याची बाटली आणली. रशीदभाईंनी ब्लेडनं फ्लॉपीच्या खोळीची एक कड चिरली आणि आतली तपकिरी चकती दोन बोटांनी, लोण्यातला केस काढावा तशी बाहेर काढली. चकतीवर बाटलीतल्या पाण्याची बारीक धार धरली. लाल पाणी खालच्या थाळीत पडलं. दुसऱ्यांदा गुलाबी पडलं, तिसऱ्यांदा स्वच्छ. दुकानाच्या दारातून एक टँकर गेला आणि त्याच्यामागं हंडे घेतलेली दहाबारा पोरं पळत गेली. रशीदभाई धार न मोडता म्हणाले, "देखो साब, शहर को पीने को नई, और हम इसकू नहला रहे." चकती मलमलीत टिपून पंख्याखाली दोऱ्याला अडकवून वाळवली. जुन्या खोळीच्या आत कुंकू मुरलं होतं, ती उपयोगाची नव्हती. तेव्हा त्यांनी आम्ही बरोबर नेलेल्या, मी पुसलेल्या फ्लॉपीची खोळ चिरली, आतली कोरी पडलेली चकती काढून टाकली आणि त्या जागी ही बसवली. म्हणजे जीव देव्हाऱ्यातल्या फ्लॉपीचा आणि अंगरखा मी मारलेल्या फ्लॉपीचा.

चार वाजता घरी आलो. अण्णांनी स्वतः फ्लॉपी सरकवली. मशीन बराच वेळ खरखरत राहिलं. आई लांब भिंतीपाशी उभी होती. मग पडद्यावर हिरव्या अक्षरांत तारीख विचारणारी ओळ आली. मशीनला आजची तारीख माहीत नव्हती म्हणजे ते जिवंत होतं. अण्णांनी तारीख टाइप केली, आणि मग खुंटीवरचं फडकं काढून आईच्या हातात दिलं. "उद्यापासून तूच पुसत जा," ते म्हणाले. "कोरड्यानं." माफी मागण्याची त्यांची पद्धत ही अशी होती. आईनं फडकं घेतलं आणि तिथंच, सगळ्यांदेखत, टेबलाची कड पुसली.

सुलभा खुर्चीवर बसली. पण तिनं हुकूम टाइप करायच्या आधी फ्लॉपी बाहेर काढली, बोटानं तिची कड चाचपली आणि माझ्याकडं बघितलं. "इथली पट्टी कुठं हाय?"

"काढून टाकली मी," मी म्हणालो. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"दुसरी?"

"नाही."

तिनं कपाळावरची मोठी मखमली टिकली काढली आणि त्या खाचेवर दोन्ही बाजूंनी दुमडून घट्ट बसवली. "आता कुणालाबी पळू दे पाण्याला," ती म्हणाली. अण्णा हसले. आई आतून करंडा घेऊन आली आणि तिच्या रिकाम्या कपाळावर कुंकू टेकवलं. दिवेलागणीपर्यंत सुलभानं चार बूट फ्लॉप्या केल्या. चौथ्या वेळी तिनं ओठ हलवले नाहीत. मी बाजूला स्टुलावर बसून होतो. शिकवायला म्हणून बसलो होतो, पण काही विचारलं गेलं नाही.

शुक्रवारी परीक्षेत काय झालं ते तिनं संध्याकाळी पडवीच्या पायरीवर उभ्यानंच सांगितलं. अकरा जण होते. त्यांना दिलेल्या मूळ फ्लॉपीच्या खाचेवर पट्टी नव्हती. हिनं काम थांबवलं, टिकली काढून लावली, आणि मग पुढं गेली. परीक्षक साहेब वाकून बघायला लागले. "हे काय लावलंत?" "टिकली." "का?" तर ही म्हणाली, "साहेब, आमच्याकडं पाणी आलं की माणसं भान विसरतात. म्हणून आधी बंदोबस्त." साहेब हसले नाहीत. त्यांनी टेबलावरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. दोन जणांनी त्या दिवशी मूळ फ्लॉपी पुसली म्हणे. ते कोण होते कुणास ठाऊक, पण मला त्यांच्याबद्दल भावासारखं वाटतं. सुलभाला सोमवारपासून यायला सांगितलं होतं. शनिवारची पॅसेंजर आमच्या घरामागून गेली, मांडणीवरचे डबे वाजले, आणि पडवीत टाइपरायटर नेहमीच्या वेगानं चालू होतं.

पुढं चारपाच वर्षांनी ती आमच्याच घरात राहायला आली, रीतसर, वाजतगाजत. मामीनं लग्नात पाण्याचा एक टँकर आहेर म्हणून पाठवला. मला वाटतं, त्या तीन घागरी तिच्या मनाला लागल्या असाव्यात. अण्णा गेले, आई गेली. ते मशीन माळ्यावर आहे. उतरवायला दोन माणसं लागतात आणि आता दोघांच्याही कंबरा तशा नाहीत. स्टेशनच्या पाटीवर शहराचं नाव बदललं, रुळांपलीकडं चारमजली इमारती झाल्या. नळाचं मात्र जुनंच चालू आहे. आमच्या कॉलनीत अजून पाण्याचे दिवस वाटून दिलेले आहेत. आणि लाल फडकं देव्हाऱ्यात आहे. आईनंतर ते सुलभानं सांभाळलं. ती कुंकू वाहते, पण फडक्याच्या आत फ्लॉपीला आता एक प्लास्टिकची पिशवी आहे.

हे प्रकरण लिहिताना टिकलीचा रंग आठवेना, म्हणून आज सकाळी ते फडकं सोडून फ्लॉपी बाहेर काढली. टिकली मरून रंगाची आहे, कडा काळ्या पडल्यात, पण सुटलेली नाही. शेवटची पानं सुलभाला वाचून दाखवत होतो. मंगळवारी मी प्रती करायला का बसलो, त्या वाक्यापाशी तिनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात बाहेरून वॉचमनची शिट्टी झाली. पाणी आलं होतं. मी सवयीनं उठलो, बादलीकडं निघालो. फ्लॉपी माझ्या हातातच होती.

"आधी ती जागेवर ठेवा," सुलभा म्हणाली. "पाणी मी भरते."